हिरड्यांतून रक्त येतंय, ब्रश बंद करू का? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात "पायरियाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा" एवढी एकच ओळ टाकली होती, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की सगळी या पानांत बसणार नाहीत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी गेली १९ वर्षं फक्त हिरड्यांचंच काम करते आणि मला मनापासून वाटतं की पेशंटला नुसतं "असं करा" सांगून भागत नाही, ते कुणी आणि कसं तपासून बघितलं हेपण सांगायला पाहिजे. त्यामुळे उत्तरं थोडी लांबलीत.

प्रश्न : ताई, माझं वय ३४. ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं. सासूबाई म्हणाल्या हिरड्या नाजूक झाल्यात, ब्रश लावू नकोस, बोटाने मंजन लाव. तीन आठवडे झाले ब्रश बंद केलाय, पण आता तर सफरचंद खाल्लं तरी रक्त येतं आणि तोंडाला वासपण येतोय. काय करू? (सातारा)

आज रात्रीपासून ब्रश परत सुरू करा. मऊ ब्रिसल्सचा नवीन ब्रश आणा, हात हलका ठेवा, पण जिथून रक्त येतं तिथेच नीट फिरवा, ती जागा टाळू नका.

सासूबाईंनी काळजीपोटीच सांगितलंय, त्यांना दोष देऊ नका. जखमेला धक्का लावायचा नाही हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलंच असतं. पण हिरडीतून येणारं रक्त हे बहुतेक वेळा ब्रशच्या जखमेचं नसतं. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा पांढरा चिकट थर साचतो, त्याच्याशी लढायला शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं, मग हिरडी लाल होते, सुजते आणि नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. म्हणजे थर काढायचं बंद केलं की सूज वाढणार, तुमचं नेमकं तेच झालंय.

आणि तुम्ही नकळत जे केलं ना, तोच प्रयोग डेन्मार्कमधल्या आऱ्हुस शहरात मुद्दाम करून बघितला होता. हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६५ साली छापला. हिरड्या चांगल्या असलेली फक्त १२ माणसं घेतली, त्यातले बरेचसे डेंटलचे विद्यार्थीच होते, आणि त्यांना सांगितलं की दात घासणं पूर्ण बंद. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग परत घासायला लावलं तर साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त थर काढला. त्याआधी हिरड्यांच्या आजाराची कारणं म्हणून काय काय सांगितलं जायचं, त्या सगळ्या गोंधळात या १२ जणांच्या तोंडांनी एक गोष्ट पक्की केली. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण तो कुठल्याही पेशंटला दोन मिनिटांत समजावून सांगता येतो.

तर तुम्हीपण ८-१० दिवस नीट सकाळ-रात्र ब्रश करून बघा. रक्त पहिले दोन-तीन दिवस येईल, घाबरू नका, मग कमी होत जाईल. दोन आठवड्यांनंतरही येतच असेल तर मात्र डेंटिस्टकडे जा, कारण मग हिरडीच्या खाली कीटण (थर घट्ट होऊन झालेला दगड) असेल, तिथे ब्रश पोचत नाही. बीपीची ॲम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन अशी गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही जणांच्या हिरड्या त्याने वाढतात, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

जाता जाता एक, घरात कुणी सिगरेट-बिडी ओढणारं असेल तर "माझ्या हिरडीतून रक्त येत नाही म्हणजे मी ठीक" असं त्यांनी समजू नये. धूम्रपानाने रक्त येणं दबतं आणि आजार आत वाढत राहतो.

प्रश्न : मी एसटीतून रिटायर झालोय, वय ६३. चार महिन्यांपूर्वी दात क्लीन करून घेतले आणि त्यानंतर खालचे पुढचे दात हलायला लागले, फटी पडल्या, गार पाणी लागतं. मित्र म्हणतात तुला सांगितलं होतं क्लीनिंग करू नको, दात ढिले होतात. आता परत सहा महिन्यांनी बोलावलंय, जाऊ का नको? (नागपूर)

काका, जा. तुमची तक्रार खोटी नाहीये, दात खरंच हलताना जाणवत असणार आणि फटीही दिसत असणार, फक्त त्याचं कारण दुसरं आहे.

वर्षानुवर्षं थर साचून त्याचं दगडासारखं कीटण होतं आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते सगळ्यात जास्त साचतं, कारण लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात. हे कीटण चार-पाच दातांना मिळून एकसंध बसतं, भिंतीला सिमेंटचा गिलावा असावा तसं. आतमध्ये मात्र हिरडीची सूज दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू खात असते, हे दुखत नाही म्हणून कळत नाही. मग क्लीनिंगला गिलावा निघाला की आधीच ढिले झालेले दात ढिले म्हणून कळतात. फटीसुद्धा तशाच, तिथे कीटण आणि सुजलेली हिरडी भरलेली होती, सूज उतरली आणि मोकळी जागा दिसायला लागली. गार लागणं म्हणजे मुळाचा उघडा पडलेला भाग, तो बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत कमी होतो, तुमचा चार महिने झाले तरी आहे म्हणून पुढच्या वेळी आवर्जून सांगा, त्यावर लावायची औषधं असतात. हे सगळं क्लीनिंगच्या आधीच पेशंटला सांगायला हवं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे.

क्लीनिंग केलंच नाही तर काय होतं हे बघायचं असेल तर श्रीलंकेच्या चहामळ्यातल्या कामगारांचं उदाहरण आहे. वर ज्यांचं नाव घेतलं त्याच लो यांच्या टीमने १९७० ते १९८५ अशी १५ वर्षं ४८० पुरुष कामगारांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासली. त्यांच्याकडे ब्रशही नव्हता आणि दातांचा डॉक्टरही नव्हता, सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होतं. सगळं सारखं असूनही ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगाने, आणि ११ टक्क्यांचं हिरडीच्या सुजेपुढे काही गेलंच नाही. पहिल्या गटातल्या माणसांचे पंचेचाळिशीपर्यंत सगळे दात गेले होते, मधल्या गटाचे त्याच वयात सरासरी ७.

हा ८-८१-११ चा आकडा मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठ करायला लावते. "माझ्या आजोबांनी कधी ब्रश हातात धरला नाही, नव्वदीला ऊस सोलून खायचे" असं सांगणारे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात आणि ते खरंच सांगत असतात, त्यांचे आजोबा त्या ११ टक्क्यांतले. पण आपण कुठल्या गटातले हे आरशात बघून कळत नाही. (त्या कामगारांना १५ वर्षं नुसतं बघत राहणं बरोबर होतं का, हा प्रश्न मला नेहमी त्रास देतो. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.)

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये कार्लस्टाड गावात ॲक्सेलसन आणि लिंडे यांनी १९७२ च्या सुमारास एक अभ्यास सुरू केला, ३७५ लोकांना घरी दात कसे घासायचे ते नीट शिकवायचं आणि दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून साफ करून द्यायचं, आणि १८० लोक तुलनेसाठी, त्यांना वर्षातून एकदा नेहमीची ट्रीटमेंट. सहा वर्षांत फरक इतका दिसला की तुलनेचा गट तसाच ठेवणं योग्य नाही म्हणून तो बंद केला. पहिल्या गटातले २५७ लोक ३० वर्षांनीही तपासणीला येत होते, आणि त्या ३० वर्षांत वयोगटाप्रमाणे माणशी सरासरी अर्धा ते दोनच्या आत एवढेच दात गेले, तेही जास्त करून मूळ तडकल्यामुळे. क्लीनिंगने दात ढिले होत असते तर या लोकांच्या तोंडात एक दात उरला नसता ना!

पण मी तुम्हाला अर्धंच सांगणार नाही. २०१८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, १८७७ लोक, ६३ दवाखाने, तीन वर्षं. ज्यांना हिरड्यांचा मोठा आजार नाही अशांना दर सहा महिन्यांनी क्लीनिंग, दर वर्षी क्लीनिंग आणि अजिबात नाही असे तीन गट केले आणि हिरडीतून रक्त येण्यात तिन्ही गटांत फरक सापडला नाही. म्हणजे ज्याच्या हिरड्या चांगल्या आहेत आणि जो घरी नीट घासतो त्याला दर सहा महिन्यांनी पॉलिश करायलाच पाहिजे असं काही नाही. माझ्याच धंद्यातल्या काहींना हे छापलेलं आवडणार नाही, पण आहे ते असं आहे. तुमचं तसं नाही काका, तुमचं हाड कमी झालंय, तुम्ही कार्लस्टाडच्या रांगेत बसता. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा की प्रत्येक दाताभोवती प्रोब (खुणा असलेली बारीक सळई) घालून दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजा आणि कागदावर लिहून द्या. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ असेल तर नुसतं वरवरचं क्लीनिंग पुरत नाही, सुन्न करून खोल सफाई करावी लागते. तो कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघता येईल.

प्रश्न : मला १२ वर्षांपासून शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८ च्या खाली येत नाही. डेंटिस्ट म्हणाले हिरड्यांची ट्रीटमेंट केली की शुगर उतरेल. खरंय का पैसे काढायचा प्रकार आहे? (जळगाव)

खरं आहे, पण "उतरेल" म्हणजे किती ते सांगायला हवं.

शुगर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो हे खूप आधीपासून माहीत आहे. उलट दिशेने, हिरड्या बऱ्या केल्या तर शुगर खाली येते का, यावर बराच वाद झाला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५१४ पेशंटचा अभ्यास आला, सहा महिन्यांनी शुगरमध्ये काहीच फरक नाही. त्यावर टीका झाली की ट्रीटमेंट होऊनही त्या पेशंटच्या दातांवर थर आणि हिरड्यांतून रक्त बरंच शिल्लक होतं, म्हणजे हिरड्याच बऱ्या झाल्या नव्हत्या, मग शुगर कशी उतरणार. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या टीमने २६४ पेशंट घेतले, निम्म्यांना कसून ट्रीटमेंट, खोल सफाई, गरज पडली तिथे सर्जरी आणि दर तीन महिन्यांनी परत बोलावणं, आणि निम्म्यांना साधं वरवरचं क्लीनिंग. वर्षाने कसून ट्रीटमेंट झालेल्यांचं एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होतं. मग २०२२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातले अभ्यास एकत्र करून कडक तपासणाऱ्या संस्थेने, ३५ अभ्यास जोडून बघितले आणि तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३, वर्षाने ०.५ एवढी घट निघाली.

०.५ ऐकायला कमी वाटतं, पण शुगरच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतील एखादी गोळी वाढवून साधारण एवढाच फायदा मिळतो. तुमचा ८ चा साडेसात होऊ शकतो, ६ होणार नाही. आणि गोळ्या, चालणं, जेवण यातलं काहीही यामुळे सोडायचं नाही. ट्रीटमेंटच्या दिवशी नेहमीप्रमाणे खाऊन आणि गोळी घेऊन जा, उपाशी जाऊन खुर्चीत चक्कर आलेले पेशंट मी बघितलेत.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे, हिरड्या फार सुजल्यात. आई म्हणते बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही. (डोंबिवली)

हात लावला तर चालतो. २००६ मध्ये ८२३ गरोदर बायकांचा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला, निम्म्या बायकांची हिरड्यांची सफाई २१ आठवड्यांच्या आत केली, बाकीच्यांची बाळंतपणानंतर. आशा अशी होती की सफाईमुळे वेळेआधी होणारी बाळंतपणं कमी होतील. तसं झालं नाही, एका गटात १२ टक्के आणि दुसऱ्यात १२.८, म्हणजे सारखंच. पण आई-बाळाला त्या सफाईने काही अपायही झाला नाही आणि आईच्या हिरड्या चांगल्या झाल्या. तर बाळासाठी म्हणून नाही, तुमच्या स्वतःच्या हिरड्यांसाठी जा, आणि कितवा महिना ते गेल्या गेल्या सांगा.

प्रश्न : तिळाच्या तेलाच्या गुळण्या आणि बॅटरीचा ब्रश, दोन्हीचा खरंच उपयोग होतो का? (फोंडा, गोवा)

ब्रशचा होतो, थोडा. कॉक्रेनने ५६ अभ्यास एकत्र केले होते, तीन महिन्यांच्या पुढे वापरला तर साध्या ब्रशपेक्षा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. हात थरथरतो, संधिवात आहे अशा माणसांना मी आवर्जून घ्यायला सांगते. बाकीच्यांनी साधा ब्रश दोन मिनिटं नीट केला तरी चालतं. तेलाच्या गुळण्यांवर चेन्नईत २० मुलांवर १० दिवसांचा अभ्यास झालाय, त्यात थर आणि सूज कमी झाली होती, पण २० मुलं आणि १० दिवस यावरून मी कुणाला भरवसा देणार नाही. आवडत असेल तर करा, ब्रशच्या नंतर करा, ब्रशच्या ऐवजी नको.

मिश्रीबद्दल चार बायकांनी विचारलंय, "मिश्रीने दात घट्ट राहतात ना?" नाही हो, राहत नाहीत. भाजलेली तंबाखूच ती, जिथे लावता तिथली हिरडी मागे सरकते, पांढरे चट्टे येतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. सवय एका दिवसात सुटत नाही हे मला माहितीये, माझ्या आजीची सुटायला दोन वर्षं लागली होती. चट्टा असेल तर आधी तो दाखवून घ्या, सवयीबद्दल नंतर बोलू.

प्रश्न : माझी आई ५२ वर्षांची आहे. डेंटल कॉलेजमध्ये दाखवलं तर म्हणाले दोन्ही बाजूंच्या दाढांची फ्लॅप सर्जरी लागेल, आणि एक अभ्यास चालू आहे त्यात भाग घेतला तर एका बाजूला तुमच्याच रक्तातून काढलेला पदार्थ घालू आणि दुसऱ्या बाजूला नेहमीची सर्जरी. वडील चिडले, म्हणतात आपल्याला गरीब बघून उंदीर केलंय. आई मात्र जायला तयार आहे. (गडहिंग्लज)

तुमच्या वडिलांचा राग मला समजतो. सरकारी किंवा कॉलेजच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाला आपल्याला विचारून केलं का न विचारता, याची शंका येणं साहजिक आहे. पण इथे त्यांनी आधी विचारलंय, ही चांगली खूण आहे.

आधी काय करणार ते सांगते. फ्लॅप सर्जरी म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई करणं. रक्तातला तो पदार्थ म्हणजे पीआरएफ. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, काहीही न मिसळता मशीनमध्ये गरागरा फिरवतात, मग मधे जेलीसारखी एक गुठळी तयार होते, तिच्यात जखम भरायला मदत करणारे घटक असतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही पद्धत पुढे आणली आणि आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांमध्ये तिच्यावर भरपूर काम झालंय, कारण महागडं बाहेरचं मटेरियल लागत नाही. हिरडी उघडून, आतलं सगळं साफ करून, हाडात जो खड्डा पडलाय त्यात ती गुठळी ठेवून टाके घालतात. पदार्थ आईच्याच रक्ताचा, त्यामुळे बाहेरच्या गोष्टीची ॲलर्जी वगैरे भीती नाही. दुसऱ्या बाजूला तीच सर्जरी, फक्त गुठळी नाही. म्हणजे कुठलीच बाजू ट्रीटमेंटवाचून राहत नाहीये, हे वडिलांना नीट समजावून सांगा.

एकाच तोंडात दोन पद्धती का, तर दोन माणसांची तुलना करताना एकाला शुगर असते, एक तंबाखू खातो, एकाची घासायची पद्धत वेगळी, मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एकाच माणसाच्या दोन बाजू घेतल्या की हे सगळं दोन्हीकडे सारखं होतं. कुठल्या बाजूला काय घालायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, नाहीतर डॉक्टर नकळत सोप्या बाजूला नवीन उपचार करेल आणि तो चांगलाच दिसेल.

आता माझं मत. मी आईंना पाठवीन, पण काही गोष्टी विचारून. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे का आणि अभ्यास सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवलाय का. ही नोंदवही २००७ पासून आहे, इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते, नंबर मागा आणि तुम्ही स्वतः बघा. पेशंट घ्यायला सुरुवात करायच्या आधी नोंदणी झालेली असायला हवी. संमतीपत्र मराठीत आहे का. जास्तीचा एक्स-रे, रक्त, पीआरएफ याचे पैसे कोण देणार. काही त्रास झाला तर उपचार कोण करणार. आणि मधेच नको वाटलं तर आईला बाहेर पडता येईल का, आणि बाहेर पडली तरी तिची नेहमीची ट्रीटमेंट चालू राहील ना. या शेवटच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर "हो" असंच असलं पाहिजे, तो तिचा हक्क आहे, उपकार नाही.

त्यांना हेपण विचारा की किती दिवस तपासणीला बोलावणार. बऱ्याच अभ्यासांत ६ किंवा ९ महिन्यांनी खोली मोजतात, एक्स-रे काढतात आणि संपलं. पेशंटला त्या मिलिमीटरशी काय करायचंय, त्याला विचाराल तर म्हणेल माझी दाढ दहा वर्षांनी जागेवर असेल का ते सांगा. आपल्याकडच्या अभ्यासांची ही उणीव आहे, पेशंट कमी, एकच कॉलेज आणि विद्यार्थ्याची डिग्री झाली की फाइल बंद. म्हणून सर्जरीनंतर दर तीन महिन्यांनी सफाईला मात्र अभ्यास संपला तरी जायचं, ते कार्लस्टाडच्या लोकांनी दाखवून दिलंय.

आणि मघाशी श्रीलंकेचं अर्धवट सोडलं होतं. आज तसा अभ्यास कुठलीही कमिटी मंजूर करणार नाही, आजार दिसतोय आणि १५ वर्षं नुसतं मोजत राहायचं हे चालत नाही, आणि ते चालू नये असंच मला वाटतं. पण आज मी रोज खुर्चीतल्या पेशंटला जे छातीठोकपणे सांगते ते त्या मळ्यातल्या ४८० माणसांनी तोंड उघडून दाखवलं म्हणून सांगू शकते. त्यांच्या वेळी आजच्यासारखे कडक नियम नव्हते. तुमच्या आईसाठी नियम आहेत, ते वापरा. सहीच्या दिवशी वडिलांनाच सोबत न्या, त्यांच्या मनातला प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारू दे, आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत घेतल्याशिवाय घरी येऊ नका.